माझ्या पत्नीस जे कळते ते शास्त्र आहे काय

प्रति,
मा. शोधकार्य अधिकारी,
खाडी सुरक्षा कक्ष, पनवेल विभाग.

अर्जदार : दिनानाथ जोमा कोळी, रा. कोळीवाडा, पनवेल.

विषय : परामानसशास्त्र हे शास्त्र मानावे, हा माझा पूर्वीचा अर्ज मागे घेणेबाबत.
संदर्भ : माझा दि. १७ सप्टेंबर २०२४ चा अर्ज व त्यावरील आपले उत्तर.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, माझा मुलगा प्रितेश खाडीत जाळी टाकण्यास गेला असता त्याची होडी रिकामी मिळाली. तो मिळाला नाही. शोध थांबविण्याचे घाटत असता माझी पत्नी वेणू हिने "पोरगा जिता हाय" असे सांगितले.

२. दूरचे मनास कळणे या विद्येस परामानसशास्त्र असे नाव असल्याचे मी वाचनालयातील मासिकात स्वतः वाचले. पळस्पे येथे माझ्या भावाचा टेम्पो उलटला, तेही वेणूने फोन येण्यापूर्वी सांगितले होते. सबब हे शास्त्र मानून शोध चालू ठेवावा, असा संदर्भीय अर्ज मी केला होता.

३. आपण कृपावंत होऊन एका प्राध्यापकांकडून तिची परीक्षा करविली. बंद पाकिटातील खेळण्याचे पत्ते तिला ओळखता आले नाहीत. ती म्हणाली, "सायेब, या पत्त्यांत माजा कोन हाय?" सर्व हसले. हसणाऱ्यांत मीही होतो. "वारंवार तपासून जे सिद्ध होत नाही ते शास्त्र नव्हे," असे आपण कळविले. शोध मात्र माणुसकीने वाढविला. त्या उत्तरावरून मी आपल्या कार्यालयात पुष्कळ वाद घातला, त्याबद्दल क्षमस्व.

४. आमच्यात पाण्यावर गेलेल्याचे ताट तो येईस्तोवर रोज वाढून झाकून ठेवतात. परवा वेणूने प्रितेशचे ताट धुऊन फळीवर पालथे घातले. मी कारण विचारले. "आता नाय लागत," एवढेच बोलली व भाकऱ्या थापू लागली. दोघांपुरत्या. हे कळताच शोधास जाणारे शिवा व इतर होडीवाले होड्या ओढून घरी बसले, कारण ते तिचे मानतात.

५. सबब पूर्ण विचारांती आपले उत्तर मला सर्वथैव पटले आहे. टेम्पोची गोष्ट योगायोग समजावी. आपल्या लिपिक शोभाताई म्हणाल्या, "काका, तेव्हा शास्त्र आहे म्हणून भांडलात, आता नाही म्हणून भांडायला आलात?" तर मी भांडावयास आलेलो नाही. तेवढे बळ उरलेले नाही.

तरी परामानसशास्त्र हे शास्त्र नाही, असे आपल्या सहीशिक्क्यानिशी लेखी मिळावे. तो कागद मी होडीवाल्यांस व वेणूस वाचून दाखवीन. सरकारी कागद ऐकल्यावर ती ताट खाली काढील, असे वाटते.

उत्तराची वाट पाहणारा, आपला नम्र,
दिनानाथ जोमा कोळी
दि. ११ नोव्हेंबर २०२४

सोबत : १) मासिकातील लेख. (परत नको.)
२) प्रितेशचा फोटो. (एकच आहे, परत मिळावा.)