आईचा फोन उसवला

आप्पा, तुम्ही गेलात तेव्हा घरात एकच बटणांचा फोन होता आणि तोही तुम्ही चष्म्याच्या डबीत ठेवत होता. आता आईकडे बोट फिरवायचा फोन आहे. सात वर्षांचा झालाय आणि इतका मंद, की बटाटे उकडायला ठेवून कुणाला फोन लावला तर बटाटे आधी शिजतात. कंपनीने त्याच्याकडे बघणं कधीच सोडलं. नवा आणतो म्हटलं, तर याला काय झालंय म्हणून आईच माझ्यावर उखडली. तुमचीच बायको आहे, मी वेगळं काय सांगू.

मग मला तुमचं रहिमतपूरचं दुकान आठवलं. झिजलेल्या शर्टाची कॉलर तुम्ही उसवायचा, आतली बाजू वर घेऊन पुन्हा शिवायचा आणि शर्ट आणखी दोन वर्षं चालायचा. फोनचंही तसं करता येतं. कंपनीचं कुलूप काढायचं, आतलं सगळं पुसायचं आणि हौशी लोकांनी तयार केलेली हलकी, नवी सिस्टीम घालायची. कस्टम रॉम म्हणतात तिला. वर फोन रूट केला, की त्यावर कंपनीची सत्ता उरत नाही. एका रविवारी आई भजनाला गेल्यावर मी लॅपटॉपला केबल लावून बसलो. फोटो, नंबर, निरोप सगळं आधी काढून घेतलं. कोपऱ्यात रंगीत गोळ्या फोडायचा एक गेम दिसला, तो पोरांचा असेल म्हणून सोडला. नातवंडांच्या हातात मोबाइल दिसला की आई डोळ्यांपासून डोक्यापर्यंत काय काय बिघडतं ते तासभर सांगते. तो तिचा असेल असं मनातसुद्धा आलं नाही.

कुलूप निघालं, सिस्टीम चढली आणि फोन नुसता कंपनीचं नाव दाखवत बसला. वीस मिनिटं. बायकोने दारातूनच विचारलं, की आईंना तुम्ही सांगणार की मी. दुसऱ्या खेपेला तो चालू झाला आणि असा पळायला लागला, की मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. आईने हातात घेतला, दोनदा बोट फिरवलं, बरा झालाय म्हणाली आणि न जेवता आडवी झाली. दोन दिवस तिचं हेच. विचारलं तर गुडघे दुखतात. शेवटी मुलीने फोडलं. आजी त्या गेममध्ये बाराशेव्या लेव्हलला होती, चार वर्षं खेळत होती आणि कुणाला सांगशील तर बघ, असा तिने मुलीला दम भरला होता. मी पुसून तिला पहिल्या लेव्हलवर आणून ठेवलं होतं. ओरडायचं तर खेळत होते हे कबूल करावं लागतं, म्हणजे बिचारीला तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

कॉलेजच्या सुट्टीत तुम्हाला खूश करायला मी शाळेतल्या एका मास्तरांच्या शर्टाची कॉलर परस्पर उसवली होती. तुम्ही कात्री खाली ठेवलीत. "इचारल्याबिगर उसवायचं न्हाई. झिजलं तरी कापड त्याचं हाय." तेव्हा मला वाटलं, तुम्ही गिऱ्हाइकाला भिता.

तर सध्या विश्रामबागेतल्या घरात पन्नाशीचा मी रोज संध्याकाळी आईच्या कॉटवर बसून गोळ्या फोडतो. फोन तपासतोय असं सांगतो. ती शेजारी लसूण सोलते आणि बघत नाही असं दाखवते. परवा एकशे अठ्ठाविसाव्या लेव्हलला पाचव्यांदा हरलो, तर मान वर न करता म्हणाली, "खालची निळी आदी फोड. वरच्या आपोआप पडत्यात."

फोडली. पडल्या. ती हसली, मग मीही हसलो. तुम्ही गेल्यापासून आम्ही दोघं इतका वेळ शेजारी बसलो नव्हतो आप्पा, आणि मला ते फार बरं वाटतंय. हे तुमच्याशिवाय कुणाला लिहिणार, आणि तुम्हाला पाठवणार तरी कुठे. दिवाळीपर्यंत बाराशेव्या लेव्हलला नेऊन देतो, असं मी तिला परवाच छातीठोकपणे सांगितलंय. काल दोन डाव मुद्दाम हरलो.