कुवेतच्या मानाची वाटणी

मी, शेवंताबाई भाऊसो सोनुले, वय ६८, धर्म बौद्ध, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र करून ठेवते. माझ्यावर कुणाचा दाब नाही. दाब टाकणारा अजून जन्मायचा आहे.

घर अतुल आणि शिवानी या माझ्या दोन्ही लेकरांना निम्मं-निम्मं. लेकीला कशाला, असं जो म्हणेल त्याला माझ्या पुण्यानुमोदनाला जेवायला बोलावू नये. पोस्टातली शिल्लक नात श्रुतीच्या नर्सिंगच्या शिक्षणाला. मोठं पातेलं विहाराला, पण वापरणाऱ्यानं घासून ठेवायचं.

आता राहिला मान. इराकी फौज कुवेतमध्ये शिरली तेव्हा मी तिथं एका घरी स्वयंपाकाला होते. आपली शेकडो माणसं एका शाळेत अडकली. रोखलेल्या बंदुकांपुढं उभं राहून, बोलणी करून बसगाड्या आणल्या त्या गडहिंग्लजच्या नेमगोंडाअण्णा पाटलांनी. ते खोटं कोण म्हणेल? पण गाड्यांत पैसेवाले आधी घुसले, तेव्हा पहिल्या गाडीपुढं आडवी झाले ती मी. "आधी लेकुरवाळ्या बसतील, न्हायतर घाला की चाक अंगावर!" चाक न घालता त्या पैसेवाल्यांना खाली उतरवणारा ड्रायव्हर यूसुफ, पॅलेस्टाइनचा. स्वतःची बायकापोरं मागं ठेवून त्यानं आम्हाला जॉर्डनच्या हद्दीपर्यंत पोचवलं.

कोल्हापुरात फेटा बांधला एकट्या अण्णांना. स्टेजवर त्यांच्या तोंडून माझं नाव निघालं नाही. मी खाली टाळ्या वाजवत बसले होते. लई लागलं. अजून लागतं.

तेव्हापासून अतुल त्यांना दारात उभं करत नाही. आता चौकाला एकट्या माझंच नाव द्या म्हणून महापालिकेत खेटे घालतो. अतुल, बाबा, हे बंद कर. एकट्यानं खाल्लेला मान अण्णांना पचला नाही, मला कुठला पचतोय? बोर्ड लागलाच तर तिघांचा लागेल. यूसुफचं आडनाव आम्ही कुणीच विचारलं नाही, तेव्हा नुसतं यूसुफ लिहा.

माझ्या मागं शोकसभा होईल. त्या दिवशी स्टेजवर राहून गेलं ते अण्णांनी तिथं बोलावं, आणि अतुलनं पुढच्या रांगेत बसून ऐकावं. एवढीच इच्छा.

साक्षीला मुद्दाम अण्णांनाच बोलावलं आहे. अतुलनं तोंड वाकडं केलं, पण दार उघडलं.

हे सगळं मला वाचून दाखवलं, मी ऐकलं, बरोबर आहे.

ठिकाण : कोल्हापूर
दिनांक : ११ मार्च २००४

लिहून देणार : शेवंताबाई भाऊसो सोनुले (सही)

साक्षीदार :
१) बयाबाई पिराजी बनगे, शेजारीण (सही)
२) नेमगोंडा पाटील (सही)

सहीखाली नेमगोंडा पाटलांच्या हातचं :
"बोलतो, शेवंताक्का. पण तुमच्या मागं न्हाय. येत्या रविवारीच सभा घेतो, तुम्ही पुढं बसायचं. हॉल ठरवायला निघालोय, अतुल संगं येतो म्हणतोय."