देवानंदच्या पायातले बूट

कोची

माय,
इथूनच तुह्या पायावर डोकं ठेवतो. मी मजेत हाय, पोटभर जेवतो. तुहा गुडघा कसा हाय?

काल चहाच्या टपरीवर भारताची फुटबॉल मॅच पाह्यली. आपल्या गावचा देवानंद शेवटी बदली म्हणून उतरला अन् दोन गोल मारून जिंकवलं. सारी टपरी त्याच्या नावानं नाचून राह्यली होती. मी म्हटलं, "मी खेळत असलो का हा बाहेर बसे." मुकादम हासला, "हो, अन् मी त्याचा मामा!"

तुले तं ठाऊक हाय, आमा दोघात बुटाचा एकच जोड होता. अकोल्याच्या निवडीत माह्या पायात गोळा आला, मीच बूट काढून त्याले देल्ले. दहा मिनिटं खेळला अन् निवडल्या गेला. गोळा त्याले काहून नाई आला, माय? कालपासून घास गोड लागत नाई.

त्याच्या मायले पेढे नेऊन दे. बुटाचं बोलू नको. त्यानं वापस देल्लेले ते फळीवर असतीन, तेल लावून ठेव. कोणी मागितले तं देऊ नको. दिवाईले येतो, गावच्या मॅचले मीच उतरन.

तुहा, पह्यल्या अकरातला,
कुंदन