अम्मीच्या रुचिकलिका

२४ फेब्रु.
प्रॅक्टिकलसाठी स्लाइड्स पुसल्या. सशाच्या जिभेची हाती लागली. आकुर्डीच्या या कॉलेजात लॅब असिस्टंट होऊन अकरा वर्षं झाली, मुलांना शेकडो वेळा लावून दिली असेल. आज स्वतःसाठी मायक्रोस्कोपखाली लावली. रुचिकलिका. गुलाबी-जांभळ्या लांबट पेशी एकमेकींना बिलगून उभ्या, वर बारीकसं भोक. चव तिथून आत शिरते. फोटो काढला, अम्मीला दाखवायला. गळ्याचं रेडिएशन संपून तीन महिने झाले, तिला अजून कशाचीच चव नाही. स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. "आंधळ्यानं गाडी हाकायची व्हय?" म्हणते.

२५ फेब्रु.
फोटो बघून अम्मी : "ह्यो तर लसणाचा गड्डा हाय!"
खरंच की. कॉलेजात शिकवणाऱ्या आमच्या मॅडमना सांगायला हवं.
तिला सांगितलं, या पेशी दहा-पंधरा दिवसांत मरतात, तळाच्या पेशींतून नव्या येतात. रेडिएशनचा दणका त्या तळालाच बसतो.
"मंग माझा तळ जिता हाय का न्हाई?"
माहीत नाही म्हटलं. डॉक्टरही 'थांबा' एवढंच म्हणतात. भीती वाटते, पण तिच्यापुढे नाही दाखवत.

२ मार्च. पहिला रोजा.
डाळ-मटणाचा दालचा मी केला. आळणी. अब्बा गॅरेजातून दमून आलेले, मुकाट जेवले. आमच्याकडे रोज्यात रांधताना कुणी चव बघत नाही.
अम्मीला म्हटलं, "आता महिनाभर मीही तुझ्यासारखीच. तू तर जन्मभर रमजानात हाताच्या अंदाजानं मीठ घातलंस. चुकलं कधी?"
तिला औषधांमुळे रोजे माफ, तरी माझ्यासोबत खजूर घेऊन बसली.

९ मार्च, रवि.
दुपारी आपणहून उठली. पदर खोचला. दालचा! मीठ तळहातावर घेतलं, थांबली, अजून घेतलं. मी कोथिंबीर निवडायचं सोंग करत बसले.
इफ्तारला पहिला घास... खारट. फारच.
अब्बा म्हणाले, "एक नंबर." मीही मान डोलावली.
अम्मीनं चमचाभर तोंडात घेतला, बराच वेळ घोळवला.
"खोटं बोलताय दोघं. त्ये बी रमजानात! खारट झालाय."
अब्बांचा हात ताटातच थांबला.
तिला लागलं, की आमचे चेहरे वाचले? विचारायचा धीर झाला नाही. ती दुसरा चमचा भरत होती.