केली आडनाव आणि देशमुख सर

आर्वी, रविवार, १४ सप्टेंबर

वाचनालयाच्या स्मरणिकेतून संपादक देशमुख सरांनी केली आडनावावरचा माझा लेख वगळला. जाब विचारायला आज त्यांच्या घरी गेलो. आयरिश 'ओ केली'तला 'ओ' इंग्रजी अमलात गळाला, माणसं अमेरिका-ऑस्ट्रेलियात पांगली, इथवर ठीक. पण केली हे मुळात नात्यागोत्यात नसलेल्या अनेक घराण्यांचं आडनाव, हे त्यांना पटेना.

"एक आडनाव म्हणजे एकच घराणं. तुम्ही कोणत्या कॉलेजात शिकले, भाऊ?"

कॉलेज! चार वर्षं वाचून लिहिलं मी. यांनी एक पुस्तक तरी उघडलं? म्हणे एकच घराणं!

तेवढ्यात सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, चहा घेऊन आल्या. त्या माहेरच्याही देशमुखच. मग सर, घरातल्या घरात लग्न केलं काय? ओठांवर आलं होतं. वहिनींकडे पाहून गिळलं.

उद्या स्मरणिका समितीच्या बैठकीत विचारतो. तिथं वहिनी नसतात.