आई पडल्याची बातमी

ती. दादास,

सप्रेम वगैरे लिहीत नाही. नमस्कार घे, ती आईने लावलेली सवय आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे कागदावर.

आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशनही झालं, आणि मला इथे परदेशात, सेम्बावांगला ते आठवड्याने मीनलवहिनीकडून कळलं. "तिला कुठे वेळ असतो," असं म्हणालास म्हणे. माझा वेळ ठरवणारा तू कोण?

ऋता सध्या शाळेत अमेरिकेतल्या पहिल्या गिरण्या, आगगाड्या शिकतेय. काल जेवताना सांगत होती, की गावं सोडून गिरणीत आलेल्या मुलींना घरचं टपाल घोडागाडीने यायचं. ते पोचेपर्यंत आजारी आई गेलेलीही असायची. मग तारयंत्र आलं. एवढं सांगून तिने विचारलं, "पण मामाकडे फोन आहे ना? देन व्हाय लाइक दॅट?" मी तिच्या ताटात भात वाढत राहिले.

आई काठी धरून चालते का? रात्री दुखतं का? हे तरी खरं कळव.

पुढच्या महिन्यात मी येतेय. आईची इच्छा असेल तर तिला इकडे आणीन. ते तिलाच विचारणार आहे, तुला नाही. तू तेव्हा घरी नसलास तरी चालेल.

बदलता येत नाही म्हणून तुझीच बहीण,
मधुवंती