खेकड्यांच्या खणातली भाऊबंदकी

चि. धाकट्यास थोरल्याचे आशीर्वाद (मागितले नसलेस तरी). तुझी कंबर कशी आहे? इकडे गुडघे, डोळे आणि डोके सोडून सर्व क्षेम. अकरा वर्षांनी पत्र कशाला, असे वाटेल. आधी वाच, मग काय वाटायचे ते वाटू दे.

मी अजून संग्रहालयातल्या दगडांच्या खोलीची किल्ली सांभाळतो. दगड म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड होऊन बसलेले खेकडे, कोळंब्या आणि त्यांचा गोतावळा. मंगळवारी चौथा खण अडकला, जोर लावला तर अख्खा हातात आला (सुताराला तीनदा सांगितले होते, ऐकतो कोण?) आणि चव्वेचाळीस दगड एकीकडे, त्यांच्या चिठ्ठ्या दुसरीकडे. फुटला एकही नाही, पण कोण कुणाचा ते कळेना. म्हटले, त्यात काय, नुसते नाक पाहून आपण माणसाचे घराणे सांगतो! चपटे गोल एका रांगेत लावले, शेपटीवाले दुसऱ्या, आणि खडकाला चिकटून राहणारे ते टणक पांढरे सुळके शिंपल्यांच्या खणात हाकलले.

आमच्या बाई (खोलीच्या मुख्य, वयाने माझ्या मुलीएवढ्या) आल्या आणि कपाळाला हात लावला. ‘‘काका, रूपावर काय जाता हो!’’ म्हणे नांग्या सोडून पायांच्या चार जोड्या दिसल्या तर खरा खेकडा. तीनच दिसल्या तर बहुधा तो दुसऱ्याच घराण्यातला, नुसता खेकड्यासारखा झालेला. म्हणजे मोतीबिंदूच्या डोळ्यांनी मी आता दगडांचे पाय मोजायचे! ज्या घोड्याच्या नालासारख्या गृहस्थाला मी मानाने पहिला बसवला, तो तर कोळी-विंचवांच्या बाजूचा निघाला (मग खेकड्यांत ठेवलाच कशाला? तर फरक कळावा म्हणून!). आणि हाकललेला तो चिकट्या मात्र खेकड्यांच्या नात्यातला. मी म्हटले, ‘‘हा? अहो, हा घर बांधून दार लावून बसलाय. जाणे नाही, येणे नाही.’’ तर म्हणाल्या, ‘‘मोठेपणी ओळखू येत नाही, काका. पिल्लं बघा. लहानपणी तोही त्यांच्यासारखाच पोहत असतो.’’

मी तो चिकट्या शिंपल्यांच्या खणातून काढून पुन्हा हातात घेतला.

तर सोमवारपर्यंत खण लागला नाही, तर माझी किल्ली जाणार. तुझ्याकडे घड्याळे दुरुस्त करायचे ते डोळ्याला लावायचे भिंग आहे. ते घेऊन ताबडतोब ये. आईचे घड्याळ दुरुस्तीला म्हणून नेलेस ते परत दिले नाहीस, याविषयी मी अवाक्षर काढणार नाही.

तुझा,
दादा

ता. क. वर काढले ते शेवटचे.

ता. क. आणखी. पत्र बुधवारचे, आज शुक्रवार. बाईंनी अर्ध्या तासात सगळा खण लावून टाकला. किल्ली माझ्याच खिशात आहे. पण एवढे लिहिलेले फाडवेना. चिकट्याला खेकड्यांशेजारी मीच ठेवले. भिंग नको. घड्याळही नको. तू ये.

(घड्याळ चालत असले तर आण.)